मुक्तास पत्र: आधी सेक्शन 1 वाच

चि. मुक्तास, अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की संघटनेची प्रश्नावली आली आहे. नव्या करारात कशासाठी किती जोर लावायचा, ते प्रत्येक वैमानिकाने क्रम लावून कळवायचं. तू पगार पहिला ठेवलास, मग ड्यूटीचं वेळापत्रक, मग निवृत्तीची रक्कम, आणि स्कोप, म्हणजे कंपनीचं उड्डाण कोणाच्या हातात राहणार ते कलम, सगळ्यात शेवटी. "तो जुन्या कॅप्टन लोकांचा विषय आहे, बाबा," म्हणालीस. तुझ्या मागे विमानतळावरच्या घोषणा चालू होत्या, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं. फॉर्म अजून पाठवला नसशील, तर पाठवण्याआधी हे वाच.

करारपुस्तक उघडून बघ. सेक्शन 1 म्हणजे स्कोप. पगार येतो सेक्शन 3 मध्ये. कंपनीच्या नावाने होणारं उड्डाण कोणी करायचं, हे सेक्शन 1 ठरवतो. तासाचा दर, सीनियॉरिटी, सुट्ट्या, ही पुढची सगळी कलमं तुमच्या यादीतल्या वैमानिकांच्या उड्डाणालाच लागू होतात. मजुरीचा भाव कितीही चढा ठरवून घेतला, तरी वावरच बटईने दुसऱ्याला दिलं तर तो भाव तुमच्या हातात कसा पडणार?

तू तर दोन्ही बाजू पाहिल्या आहेस. रीजनलला, म्हणजे मोठ्या कंपनीसाठी छोटी विमानं चालवणाऱ्या कंपनीत, असताना जे एम्ब्रेअर 175 तू उडवायचीस, त्याच्या शेपटीवर मोठ्या कंपनीचा रंग, प्रवाशाच्या तिकिटावर तिचंच नाव, आणि तुझ्या पगारपत्रकावर मात्र वेगळी कंपनी. त्या विमानात 88 खुर्च्या बसू शकतात, तुझ्या विमानात 76 होत्या. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या करारांत रीजनलसाठी हीच हद्द आहे: 76 आसनं आणि 86,000 पौंड वजन. या आकड्यांची ताकद बघ. मित्सुबिशीचं स्पेसजेट एम 90 या वजनात बसेना, म्हणून अमेरिकेत त्याला गिऱ्हाईक मिळणं अवघड झालं. इतरही अडचणी होत्याच, पण शेवटी 2023 मध्ये त्यांनी सगळा प्रकल्प गुंडाळला. सीआरजे 550 हे तर 70 आसनी विमानाचंच शरीर, खुर्च्या 50 ठेवून उरलेल्या जागेत सामानाची कपाटं बसवलेलं. कराराच्या एका ओळीपुढे विमान बांधणाऱ्यांनाही वाकावं लागतं.

ही हद्द आधी 50 आसनांची होती. ती पुढे सरकली ती मुख्यतः दिवाळखोरीच्या काळात. युनायटेड 2002 मध्ये कोर्टात गेली, डेल्टा आणि नॉर्थवेस्ट 2005 मध्ये, अमेरिकन 2011 मध्ये. करारच रद्द होण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना वैमानिकांनी सह्या केल्या. एक वेळ अशी आली की देशातली जवळपास निम्मी उड्डाणं रीजनल कंपन्या करत होत्या. पगार कापले होते, ते पुढे बऱ्याच अंशी भरून निघाले. 50 ची रेघ काही परत आली नाही. मला तुझ्या क्रमाची काळजी वाटते ती यासाठीच.

आपल्या ह्यूस्टनचंच घे. 2010 मध्ये युनायटेड आणि कॉन्टिनेंटल एकत्र आल्या. कॉन्टिनेंटलच्या वैमानिकांनी जेटसाठी 50 ची हद्द सगळ्या पडत्या काळातही राखली होती. नव्या कंपनीने 70 आसनी रीजनल जेट इथून कॉन्टिनेंटलच्या कोडवर, म्हणजे तिच्याच फ्लाइट क्रमांकाने, उडवायचं ठरवलं. वैमानिक लवादाकडे गेले आणि वर्षअखेरीस निकाल त्यांच्या बाजूने लागला. ओळ स्पष्ट लिहिलेली होती, म्हणून.

पण त्याच करारात एक फट होती. हद्द जेटला होती, पंख्याच्या विमानांना नव्हती. त्या फटीतून 74 आसनी क्यू 400 आलं आणि नेवार्कहून ते उडवण्याचं काम कोलगन एअर या रीजनल कंपनीकडे गेलं. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री त्यातलंच एक, फ्लाइट 3407, बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. 50 माणसं गेली. तपासात कारण निघालं ते कॅप्टनने स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल जाण्याच्या, इशाऱ्याला दिलेला उलटा प्रतिसाद. ते मी स्कोपच्या माथी मारत नाही. पण त्यातली को-पायलट 24 वर्षांची होती. आई-वडिलांकडे सिएटलजवळ राहायची आणि ड्यूटीसाठी रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून नेवार्कला पोचली होती. सुनावणीत तिचा पगार निघाला तेव्हा सारा देश चपापला. गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनच्या चकरा मारून 2010 चा कायदा करून घेतला. नोकरीआधी उड्डाणाचे जे 1,500 तास तुला भरावे लागले, ते त्यातूनच आले, आणि तिकीट काढतानाच विमान खरं कोण उडवणार हे दाखवण्याची सक्तीही.

तू म्हणशील, आता रीजनललाही पगार चांगले आहेत. आहेत, कारण 2022 मध्ये वैमानिक मिळेनासे झाले. तुटवडा सरला की काय होतं, ते कॉमेअर या रीजनलच्या लोकांना विचार. 2001 मध्ये ते 89 दिवस संपावर राहिले आणि त्या काळात रीजनलमध्ये सगळ्यात चांगला करार मिळवला. मग काम हळूहळू स्वस्तात करणाऱ्यांकडे वळलं आणि 2012 मध्ये कॉमेअर बंद झाली. एका रीजनलला दुसरीच्या अंगावर सोडायचं, याला तुम्ही लोक व्हिपसॉ म्हणता. स्कोप ढिला झाला की या खेळाला आणखी विमानं मिळतात. तुझ्या जुन्या कॅप्टनला, अजून तिथेच असलेल्या तुझ्या मैत्रिणींना त्याने काही मिळत नाही. त्यांना मेनलाइनला, म्हणजे खुद्द मोठ्या कंपनीत, जागा हव्या आहेत, आणि त्या मोठी विमानं मेनलाइनकडे राहिली तरच निघतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या दुरुस्तीच्या हँगरमध्ये मोठ्या चेकला, म्हणजे पूर्ण तपासणीला, आलेलं विमान आठवडेच्या आठवडे उघडं असायचं. जमिनीच्या फळ्या काढलेल्या, आतले सांगाडे दिसतायत, प्रत्येक खिडकीखाली कोणाची तरी टूलबॉक्स. एका करारात तासाचा दर बराच वाढला, आणि मोठ्या चेकचं किती काम बाहेर द्यायचं ती टक्केवारीही. वाढलेला दर सगळ्यांनी नोटीस बोर्डावर वाचला. टक्केवारी आतल्या पानावर होती. पुढे हँगरमधला विमान उभं करायचा एकेक बे रिकामा होत गेला, आणि माझ्याहून तरुण असलेल्यांना कमी करण्याची पत्रं आली. दर शेवटपर्यंत उत्तम होता.

कधीच काही सोडू नये, असं माझं म्हणणं नाही. 2012 मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी आणखी काही 76 आसनी विमानांना होकार दिला. पण बदल्यात 50 आसनी विमानं मोठ्या प्रमाणात कमी करून घेतली, 88 बोइंग 717 मेनलाइनकडे आणून घेतली, आणि रीजनलचं उड्डाण मेनलाइनच्या उड्डाणाशी प्रमाणात बांधून टाकलं. द्यायचंच असेल तर असं, मोजून आणि लिहून.

तेव्हा फॉर्मवर स्कोप पहिला लिही. पगार दुसरा ठेव, त्याला माझी ना नाही. खाली शेरा लिहायला जागा असेल तर विचार, की आसनं आणि वजन यांबरोबर विमानांची एकूण संख्या आणि दोन्हीकडच्या तासांचं प्रमाण यांवर समितीची भूमिका काय आहे. आणि सेक्शन 1 मधल्या व्याख्या नीट वाच, पंख्याच्या विमानांबद्दल काय लिहिलंय तेही. काही अडलं तर पान क्रमांक सांग, रविवारी फोनवर दोघं बसून वाचू.

आईचे आशीर्वाद.

तुझा,
बाबा