दोन्हीकडून अडत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या ॲप कंपन्यांनी दूरसंचार नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा, या मागणीची बाजू घेणारं एक पत्र गेल्या आठवड्यात आपल्या सदरात आलं. लोक दिवसभर व्हिडिओ बघतात, भार टॉवरवर आणि तारांवर पडतो, पैसा मात्र यूट्यूब-नेटफ्लिक्सच्या खिशात जातो; त्यांनी थोडा दिला तर बिघडलं कुठे, असं पत्रलेखकाचं म्हणणं. वाचताना मलाही पटलं होतं. चहा संपेपर्यंत पटेनासं झालं, कारण हा वाद मी आधी पाहिलाय, बाजार समितीच्या आवारात.

मी निफाड तालुक्यातला शेतकरी. दोन एकर द्राक्षबाग, बाकी कांदा. नेटचा आणि माझा संबंध सांगायचा तर आमच्या गावातल्या एका पोराची गोष्ट सांगावी लागेल. बारावीनंतर शिक्षण सुटलं. आता रोज सकाळी विंचूरच्या आवारात हजर असतो. व्यापारी एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्यावर सरकतात तसा हा त्यांच्यामागे सरकतो. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने ट्रॉलीच्या फाळक्यावरून कांदा उचलायचा, कॅमेऱ्यासमोर धरायचा, अंगठ्याने पापुद्रा खरवडून खालचा रंग दाखवायचा. ‘उन्हाळ, एक नंबर,’ (म्हणजे उन्हाळी कांदा) एवढंच बोलतो, कारण तेवढ्यात पुकारलेला भाव ऐकू यायला हवा. गोल्टीचा, म्हणजे बारक्या कांद्याचा, भाव वेगळा सांगतो. अर्ध्या-पाऊण मिनिटाचे तुकडे, यूट्यूबवर टाकतो आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुवा पाठवतो.

मी गोठ्यापाशी बसून ते बघतो. मग पिंपळगावच्या अशाच दुसऱ्या एका पोराचं बघतो आणि ट्रॅक्टर कुठल्या रस्त्याला लावायचा ते ठरवतो. मागच्या हंगामात एकाच सकाळी दोन बाजारांत क्विंटलमागे एकशे ऐंशी रुपयांचा फरक निघाला. माझी ट्रॉली पंचवीस क्विंटलची होती. डिझेल वजा करून हिशोब तुम्हीच करा.

आता दहा वर्षं मागे जाऊ. 2015 च्या डिसेंबरात फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. पुतण्याने तो मला मराठी करून सांगितला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण होतं, नाव गणेश. हा गणेश ‘फ्री बेसिक्स’ (काही ठरावीक साइट फुकट दाखवणारी फेसबुकची योजना) वापरून हवामान बघतो, शेतमालाचे भाव बघतो, आता नवी पिकं आणि जनावरं घेतोय. मग याने इंटरनेटचं नुकसान कसं होतं, असा त्यांचा सवाल. पानभर जाहिराती झळकल्या त्या वेगळ्याच. आमच्या पारावर तेव्हा कुणी फार हुशारीने बोलू लागला की ‘आला बघा गणेश’ म्हणायची पद्धत पडली होती.

पण खरं सांगतो, मी तेव्हा गणेशच्या बाजूचा होतो. 1 जीबीला अडीचशेच्या आसपास मोजावे लागत. आमच्या सालगड्याकडे साधा स्मार्टफोन आला होता, त्यात नेटचा पॅक मारणं त्याला परवडत नव्हतं. फुकट मिळतंय तर घेऊ दे की गरिबाला, म्हणून मी पुतण्याशी भांडलोही. तो उलट पक्षाचा. त्या वर्षीच्या एप्रिलात ‘ट्राय’ला, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, नेट सगळ्यांना सारखंच ठेवा म्हणून ज्या दहा लाखांहून जास्त ई-मेल गेल्या, त्यातली एक त्याची. (ट्रायने मग त्या सगळ्या मेल पत्त्यांसकट आपल्या संकेतस्थळावर चढवल्या. पुतण्याला पुढे कितीतरी दिवस बिनव्याजी कर्जाच्या आणि केस उगवण्याच्या मेल येत होत्या. मला त्याचा थोडा आनंद झाला होता.)

त्याचं म्हणणं मला कळलं ते बरंच उशिरा, त्या विंचूरच्या पोरामुळे. फ्री बेसिक्समध्ये सगळं इंटरनेट नव्हतंच. फेसबुकच्या अटीत बसणाऱ्या ठरावीक सेवा होत्या आणि त्या अटींत व्हिडिओ नाही, मोठे फोटो नाहीत. म्हणजे गणेशला कांद्याचा भाव दिसला असता, पण कुणीतरी आधी लिहून ठेवलेला. खरवडलेला पापुद्रा दिसला नसता. आणि आमच्या पोराला आपलं दुकान मांडायचं तर कुणाची परवानगी काढायला जावं लागलं असतं?

8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने नियम काढला. कुठली साइट उघडता यावरून डेटाचा दर बदलायचा नाही, मोडलं तर दिवसाला 50 हजार दंड, जास्तीत जास्त 50 लाख. त्याच आठवड्यात फेसबुकने ती योजना भारतातून गुंडाळली. 2018 मध्ये नेट कंपन्यांच्या परवान्यांच्या अटींतही आलं की कुठली साइट अडवायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही आणि कुणाला पुढेही काढायचं नाही. आमच्या सालगड्याचं काय झालं म्हणाल, तर सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, दर कोसळले आणि त्याच्या फोनवर सगळंच नेट आलं. त्याला गणेश व्हायची वेळच आली नाही.

आता मूळ मुद्दा. 2023 मध्ये ट्रायने ॲपवाल्यांच्या नियमनावर पुन्हा लोकांची मतं मागवली, त्याच्या आधीपासूनच दूरसंचार कंपन्यांची संघटना ‘ज्यांच्यामुळे जास्त वाहतूक होते त्यांनी पैसे द्यावेत’ हे लावून धरते आहे. आता बाजारातली गोष्ट ऐका. जुलै 2016 पर्यंत फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबातून) कापली जायची. सरकारने ती खरेदीदाराकडून घ्यायला सांगितली. चांगला निर्णय, मी पेढे वाटणाऱ्यांत होतो. त्यावर व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, साठवणुकीच्या चाळीतला कांदा सडायला लागला. पुढे लिलाव सुरू झाले तेव्हा माझा अनुभव असा की खरेदीदार अडत धरूनच बोली लावू लागला. पट्टीवरची कपात गेली आणि भावात आली. पैसे कुणाच्या नावाने कापतात आणि शेवटी कुणाच्या अंगावर पडतात, या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

तरी अडत्या एकाच बाजूने घेत होता. इथे मागणी दोन्ही बाजूंनी, माझ्याकडूनही आणि ॲपवाल्याकडूनही, घ्यायची आहे. व्हिडिओ माझ्या फोनवर आपण होऊन येत नाही. मी मागतो म्हणून येतो आणि त्या मागण्याचे पैसे मी रिचार्जला भरलेले असतात. दर कमी पडत असतील तर वाढवायला त्यांना कोण अडवतं? 2024 च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी वाढवलेच, मागेपुढे काही दिवसांत. मी कुरकुरलो आणि भरले.

आणि मोठे ॲपवाले काहीच करत नाहीत हेही खरं नाही. आमच्याकडे घरच्या नेटची तार गावातला केबलवाला पुरवतो. मागे एकदा यूट्यूब धडाधड चालत होतं आणि सातबाऱ्याची साइट नुसती गोल गोल फिरत होती. मी त्याला सरळ विचारलं, तू मुद्दाम करतोस का रे? तो खांबावर होता, पक्कड दातात. खाली उतरला आणि म्हणाला, ‘काका, यूट्यूबची पेटी वरच्या कंपनीच्या खोलीतच बसवलेली आहे. तुमचा सातबारा लांबून येतो.’ नंतर पुतण्याकडून कळलं की खरंच आहे. गूगल आणि नेटफ्लिक्स आपल्या पेट्या अशा नेट कंपन्यांना फुकट देतात. लोक जे सारखं बघतात ते त्यात साठवलेलं असतं, म्हणजे प्रत्येक वेळी लांबून आणायला नको. दोघांचाही खर्च वाचतो. वाटा उचलणं म्हणतात ते हे नाही तर काय?

गूगलवाले माझे सोयरे नाहीत. त्यांच्याकडून पैसा निघाला तर मला दुःख नाही, सरकारने कर लावून खुशाल घ्यावा. पण नेट कंपनीने कुणाकडून किती घ्यायचे हे तिच्या हातात गेलं, की न देणाऱ्याचं काय करायचं हेही तिच्याच हातात जातं. दक्षिण कोरियात नेटवर्कची अशी वसुली चालते. तिथे ट्विच नावाच्या कंपनीने, जिथे पोरं खेळताना थेट दाखवतात, फेब्रुवारी 2024 मध्ये गाशा गुंडाळला. बाकीच्या बहुतेक देशांच्या दहापट खर्च पडतो, हे तिने दिलेलं कारण. ॲमेझॉनच्या घरची कंपनी होती ती. मोठ्या कंपन्या परवडलं नाही तर निघून जातात, परवडलं तर भरतात आणि मग त्यांचा माल पुढे धावतो. मराठीत कांद्याचे भाव दाखवणारं उद्या कुणी स्वतःचं ॲप काढलं, तर त्याला यातलं काहीच जमणार नाही.

पत्रलेखकाची एक गोष्ट मात्र मान्य. तारा आणि टॉवर पैशाशिवाय उभे राहत नाहीत आणि नियमाने तार येत नाही. परवा उसाची ट्रॉली रस्त्यावर आडवी आलेली आमची तार घेऊन गेली. तीन दिवस नेट बंद. लाल कांद्याचा लिलाव ऐन भरात, आणि मी भाव विचारायला फाट्यापर्यंत मोटारसायकलवर जात होतो, माझ्या वडिलांसारखा. केबलवाला रोज ‘संध्याकाळपर्यंत होतं’ म्हणत होता. तिसऱ्या दिवशी आला, खालीच लोंबकळेल अशी तार पुन्हा बांधली आणि चहा पिऊन गेला. पुढची ट्रॉली येईपर्यंत चालेल.

कृपया माझं नाव छापू नये. कंपन्यांचं मला काही नाही, पण त्या केबलवाल्याशी रोजचं काम आहे.

आपला,
एक कांदा-द्राक्ष उत्पादक
ता. निफाड, जि. नाशिक