मिश्र दुहेरी हा उरलासुरला खेळ नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धांचे वृत्त क्रीडापानावर येते तेव्हा एकेरीच्या लढती सविस्तर असतात आणि सात्त्विक-चिराग या भारतीय जोडीमुळे आता पुरुष दुहेरीलाही हक्काची जागा मिळू लागली आहे. मिश्र दुहेरीचा निकाल मात्र बातमीच्या तळाशी दोन ओळींत उरकला जातो. ही तक्रार एकट्या आपल्या दैनिकाबद्दल नाही. परंतु या दुर्लक्षामागे एक समजूत आहे, की दुसरीकडे जमले नाही म्हणजे खेळाडू मिश्र दुहेरीकडे वळतात. ती किती चुकीची आहे हे चीनच्या झांग जून यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट दिसते, म्हणून हे पत्र.

झांग जून यांचा जन्म 1977 मध्ये ज्यांगसू प्रांतातील सूचौ शहरात झाला. मिश्र दुहेरीचा ऑलिंपिकमध्ये समावेश 1996 मध्ये, अटलांटाला झाला आणि पहिले सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम डोंग-मून व गिल यंग-आ यांनी मिळवले. पुढच्या म्हणजे 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्येही किम हेच, रा क्युंग-मिन या नव्या साथीदारासह, सुवर्णाचे प्रमुख दावेदार होते. झांग जून आणि गाओ लिंग यांनी उपांत्यपूर्व फेरीतच त्यांना 15-11, 15-1 असे हरवले. अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या त्रिकुशार्यांतो आणि मिनार्ती तिमूर यांच्याविरुद्ध पहिला गेम या चिनी जोडीने 1-15 असा गमावला. तेव्हा सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळत असे. त्यामुळे 1-15 याचा अर्थ असा, की हाती आलेली सर्व्हिस जवळजवळ प्रत्येक वेळी वाया गेली. तिथून पुढचे दोन गेम त्यांनी 15-13, 15-11 असे जिंकले. मिश्र दुहेरीतले चीनचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण होते.

चार वर्षांनी अथेन्समध्ये किम-रा ही जोडी पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत, या वेळी डेन्मार्ककडून, पराभूत झाली. झांग-गाओ यांनी अंतिम फेरीत ब्रिटनच्या नेथन रॉबर्टसन व गेल एम्स यांना 15-1, 12-15, 15-12 असे हरवून सुवर्ण राखले. मिश्र दुहेरीचे ऑलिंपिक विजेतेपद राखणारी ती पहिली जोडी. सिडनी आणि अथेन्सच्या दरम्यान 2001 चे जागतिक अजिंक्यपद त्यांच्याकडे होते आणि ऑल इंग्लंड स्पर्धा त्यांनी 2001, 2003 व 2006 अशी तीनदा जिंकली. असे यश एका सुदैवी आठवड्यात मिळत नाही.

येथे गाओ लिंग यांच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मिश्र जोडीच्या यशाचे श्रेय स्मॅश मारणाऱ्या पुरुषाला देण्याची सवय आपल्याकडेही आहे. गाओ लिंग यांनी त्याच दोन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीचेही एक कांस्य आणि एक रौप्य मिळवले. जाळ्याजवळ उभी असलेली खेळाडू समोरच्याला शटल उचलून द्यायला भाग पाडते, तेव्हाच मागच्याला स्मॅशची संधी मिळते. मी अनेक वर्षे क्लबच्या कोर्टवर मिश्र दुहेरी खेळलो आहे, आणि पुढची जागा कच्ची असेल तर मागचा कितीही ताकदीचा असला तरी दहा मिनिटांत थकतो, हे स्वतःच्या पायांनी अनुभवले आहे.

निवृत्तीनंतर झांग जून राष्ट्रीय संघात पुरुष दुहेरीचे प्रशिक्षक झाले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनने पुरुष दुहेरीचे सुवर्ण मिळवले ते फू हायफेंग आणि झांग नान यांच्या जोडीने, आणि यातले झांग नान हे 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधील मिश्र दुहेरीचे विजेते. मिश्र दुहेरीत घडलेला खेळाडू पुरुष दुहेरीतही सर्वोच्च स्थानी पोहोचतो, याचा याहून ठळक पुरावा कोणता द्यावा?

2017 मध्ये ली योंगबो यांनी मुख्य प्रशिक्षकपद सोडल्यावर एकेरीची सूत्रे शिया शुआन्झ यांच्याकडे आणि दुहेरीची झांग जून यांच्याकडे आली. त्यानंतर लगेच, मे महिन्यात, ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टला सुदीरमन चषक या देशांच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा, पाच लढतींचा अंतिम सामना दक्षिण कोरियाविरुद्ध 2-2 असा बरोबरीत आला आणि निर्णायक मिश्र दुहेरी हरल्यामुळे चषक गेला. त्या वर्षाच्या अखेरीस चीनने धाडस केले. झेंग सीवेई आणि चेन छिंगचेन ही जागतिक क्रमवारीत अव्वल स्थानी पोहोचलेली जोडी मोडून झेंग यांना ह्वांग याच्योंग यांच्यासोबत खेळवले. ह्वांग याच त्या निर्णायक सामन्यात हरलेल्या जोडीतील खेळाडू. या नव्या जोडीने 2018, 2019 आणि 2022 ची जागतिक अजिंक्यपदे आणि पुढे 2024 चे पॅरिस ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. दरम्यान टोकियो ऑलिंपिकचा अंतिम सामना दोन चिनी जोड्यांमध्येच झाला व वांग यील्यू-ह्वांग डोंगपिंग जिंकले. रोजच्या सरावाचे श्रेय अर्थातच त्या त्या जोडीच्या प्रशिक्षकांचे आहे. तरीही दुहेरीची धुरा मिश्र दुहेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाकडे होती, हे मला महत्त्वाचे वाटते. झांग जून पुढे चिनी बॅडमिंटन संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि 2023 मध्ये सुदीरमन चषक त्यांच्या जन्मगावी, सूचौमध्ये भरला, तेव्हा चीनने अंतिम फेरीत कोरियालाच 3-0 असे हरवले.

आता आपल्याकडचे चित्र पाहावे. लंडन ऑलिंपिकमध्ये ज्वाला गुट्टा व व्ही. दिजू खेळले. त्यानंतर रिओ, टोकियो आणि पॅरिस या तिन्ही ऑलिंपिकमध्ये भारताची एकही मिश्र जोडी नव्हती. पुरुष दुहेरीसाठी मथियास बो यांच्यासारखा स्वतः ऑलिंपिक रौप्य मिळवलेला प्रशिक्षक लाभला आणि मुंबईच्या चिराग शेट्टी यांच्या जोडीने काय करून दाखवले हे आपण पाहिले. मिश्र दुहेरीसाठी या प्रकारातच मुरलेला प्रशिक्षक आणि जोडीला दिलेली सलग काही वर्षे, एवढी मागणी भारतीय बॅडमिंटन संघटनेकडे करणे गैर ठरू नये. ध्रुव कपिला आणि मूळच्या गोव्याच्या तनिषा क्रास्टो यांनी 2025 च्या जागतिक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली, म्हणजे गुणवत्तेची वाण नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की या जोडीचा पुढचा महत्त्वाचा सामना होईल तेव्हा गुणांसोबत जाळ्याजवळ कोणाची पकड होती, सर्व्हिस कुठे चुकली आणि सामना कोणत्या टप्प्यावर फिरला, हेही आपल्या प्रतिनिधीने लिहावे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
पुणे