आगाऊ पैसे बँकेतून पाठवण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मोठं काम द्यायचं किंवा एखादी वस्तू बनवून घ्यायची म्हटलं, की व्यावसायिक ॲडव्हान्स मागतोच. त्यात गैर काही नाही, त्यालाही कच्चा माल आधी घ्यावा लागतो. पण बँकेतून पाठवलेली रक्कम रोख हातात दिल्यासारखी असते, हे धरून चला. कार्डाने पैसे भरले आणि माल आलाच नाही, तर बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागता येते. ट्रान्सफरला तशी सोय सहसा नसते, कारण पैसे पाठवण्याचा आदेश तुम्ही स्वतः दिलेला असतो. म्हणून व्यावसायिक नवखा असेल आणि कार्ड घेत असेल, तर थोडं जादा शुल्क पडलं तरी पहिला हप्ता कार्डानेच भरा.

ट्रान्सफरच करायची असेल, तर सगळ्यात जास्त वेळ खाते क्रमांकावर घालवा. पैसे जमा होतात ते क्रमांकावर. नावाच्या रकान्यात तुम्ही काय लिहिलंत, ते बँका फारसं पडताळत नसत. आता ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांत २०२० पासून, आणि भारतात एनईएफटी व आरटीजीएस या बँक ट्रान्सफरच्या पद्धतींसाठी २०२५ पासून, पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडताळायची सोय आली आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका. एकट्या मालकाचा धंदा असेल तर खातं त्याच्या स्वतःच्या नावावर असू शकतं. पण बिलावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि खात्यावर कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव, असं असेल तर तिथेच थांबा. 'आमचं खातं सध्या ऑडिटमध्ये आहे, दुसऱ्या खात्यावर पाठवा' ही सबब तर मुळीच ऐकू नका.

याहून अवघड फसवणूक खऱ्या व्यावसायिकाच्या आडून होते, आणि मला काळजी वाटते ती हिचीच. चोर त्याच्या ईमेलमध्ये शिरतो, तुमचं बोलणं वाचत बसतो आणि बिल यायच्या वेळी हुबेहूब तसंच बिल पाठवतो. बदललेला असतो फक्त खाते क्रमांक. कधी पत्ताच बनावट असतो: इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी आले की लहान अक्षरांत ते 'एम'सारखे दिसतात, आणि घाईत ते लक्षात येत नाही. अशा वेळी ईमेललाच उत्तर देऊन खात्री करून घेतली, तर 'हो, बरोबर आहे' असं चोरच कळवतो. त्या बिलावरचा फोन नंबरही वापरू नका. पहिल्या भेटीत मिळालेल्या किंवा स्वतः शोधलेल्या नंबरावर फोन लावा आणि खाते क्रमांक त्यांना वाचून दाखवायला सांगा. तुम्ही वाचून दाखवलात, तर समोरचा न बघताच 'हो' म्हणून मोकळा होतो.

मग अगदी किरकोळ रक्कम पाठवून बघा आणि पुन्हा त्याच नंबरावर फोन करून नेमकी किती आली ते विचारा. आकडा तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू द्या. यातून पैसे योग्य हातात पोचतात एवढंच कळतं. माणूस काम पुरं करेल की नाही, ते यावरून कळत नाही. त्यासाठी हप्ते पाडून घ्या: सुरुवातीला साहित्यापुरते, काम दिसायला लागल्यावर पुढचे, आणि शेवटचा हप्ता सगळं तपासून झाल्यावर. सगळी रक्कम आधी द्या म्हणणाऱ्याला नाही म्हणा, त्यासाठी तो सवलत देत असला तरी. एकूण किंमत, ॲडव्हान्स कशासाठी, काम कधी पुरं होणार आणि न झाल्यास किती दिवसांत पैसे परत, हे चारही मुद्दे लेखी हवेत. साधा मेसेजही चालेल, पण तो त्यांच्याकडून आलेला असावा.

पैसे पाठवताना शेऱ्यात बिल क्रमांक लिहा. नंतर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, म्हणजे यूटीआर, जपून ठेवा आणि पावती मागून घ्या. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही, बँक शोध घेते तो त्या क्रमांकावरून.

बाबा, फोनवर कुणी 'आत्ताच्या आत्ता पाठवा, नाहीतर ऑर्डर रद्द' म्हणालं, तर ऑर्डर रद्द होऊ द्या. आई, पैसे 'परत करण्यासाठी' कुणी पिन किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून दे. पैसे मिळायला यातलं काहीच लागत नाही.

एवढं करूनही शंका आली, तर त्या व्यावसायिकाशी वाद घालत बसू नका, आधी बँकेला फोन करा. समोरच्या खात्यातली रक्कम गोठवायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही लगेच कळवा. चोर पैसे पुढच्या खात्यांत भराभर फिरवतात, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि त्यानंतर कुणी 'थोडी फी द्या, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो' म्हणाला, तर त्याला एक पैसाही देऊ नका. फसलेल्यांच्या याद्या विकत घेऊन असे लोक फोन करतात.

तुमची लेक