गाइडमधलं वाक्य

चि. ओवी हिस अनेक आशीर्वाद.

तुझा ‘एकच प्याला’वरचा निबंध रात्री वाचला. ‘दारूचे दुष्परिणाम ही या नाटकाची मध्यवर्ती कल्पना आहे’ हे वाक्य काही तुझं नाही, गाइडमधलं आहे. आमच्या वेळीही हेच होतं!

दारू हा झाला विषय. नाटककार गडकऱ्यांना काय म्हणायचंय ते नायक, वकील सुधाकर, कुठे कुठे वळतो त्यात शोध. त्याचा मित्र रामलाल विलायतेला जातो, म्हणजे सावरणारा माणूस सुरुवातीलाच दूर केला. मग कोर्टात अपमान, वकिलीची सनद जाते, आणि दारुडा तळीराम प्याला पुढे करतो. पुढे सुधाकर दारू सोडतोही. काम मागत फिरतो, लोक झिडकारतात, की पुन्हा प्याला. दोन्ही वेळा प्याल्याच्या आधी अपमान आहे. बायकोनं, सिंधूनं, माहेरची मदत घ्यायची नाही, भले दळणं दळावी लागोत, हेही त्याच मानीपणापायी. मला तरी हे नाटक दारूपेक्षा त्या मानी स्वभावाचं वाटतं. पटलं नाही तर भांड, पण प्रवेश दाखवून भांड.

तळीरामाची तर तू ‘विनोदी उपकथानक’ म्हणून एका ओळीत बोळवण केलीस. तुझे आजोबा गावच्या उत्सवात तळीराम करायचे. ग्लासात कोरा चहा. मी सात-आठ वर्षांची, विंगेत पेटीवर बसलेली. आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाच्या, प्रवेशाला पुढच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि सिंधू आली की तोच पदर डोळ्यांना जायचा. आधी इतकं हसवलं नसतं, तर सिंधूचं दुःख तेवढं लागलं असतं का?

आणि तळीरामाची बायको गीता! ती त्याला फाडफाड बोलते. सिंधू मात्र मरतानाही, नवऱ्यानं मारलं हे पोलिसांना सांगत नाही, पडले म्हणते. दोघींचे प्रवेश शेजारी ठेवून वाच. सिंधूच आदर्श, असं गडकऱ्यांना सरळसोट म्हणायचं असतं, तर गीता लिहिलीच कशाला? मी अजून याच प्रश्नाशी अडलेली आहे.

एक चूक मात्र आजच खोड. पदांवरून गडकऱ्यांच्या शैलीबद्दल अख्खा परिच्छेद लिहिलायस, पण पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. गडकरी 1919च्या जानेवारीत गेले, नाटक फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. स्वतःचं हे नाटक त्यांना बघायलाच मिळालं नाही.

लाडवांच्या डब्यासोबत आजोबांची प्रत पाठवतेय. शिवण सुटलीय, जपून उघड. तळीरामाच्या पानांवर चहाचे डाग आहेत, आणि समासात जागोजागी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘हशा संपू दे, मग बोल.’

तुझी,
आई