प्शेमिशलच्या त्या तायांचे आभार
मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी पाठवलेली आमची मदत पोलंडच्या सीमेजवळ, प्शेमिशलला अडकली. औषधं, कपडे, डबाबंद अन्न एकाच खोक्यात, यादी फक्त इंग्रजीत. तिथे राहणाऱ्या युक्रेनी बायकांनी रात्रभर बसून सगळी खोकी पुन्हा भरली. एका खोक्यात एकच प्रकार. औषधाचं मूळ नाव, नग, मुदत, वजन युक्रेनीत, तेही दोन बाजूंना, कारण थप्पी लागली की वरची चिठ्ठी दिसत नाही. इन्सुलिन थेट बर्फाच्या पिशव्यांना टेकलं होतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वायाच जातं. एका ताईंनी एकेक कुपी उजेडात धरून पाहिली, मध्ये पुठ्ठा घातला, २ ते ८ अंश टिकतील अशी मांडणी केली. त्यांची नावं विचारायची राहून गेली. तायांनो, मनापासून आभार.