‘बागेला कितवे वर्ष?’ हेही विचारा

महोदय,

खंडेराव मार्केटात केसर आंबा आला की ‘सेंद्रिय आहे का?’ असे आपण विचारतो. ‘बागेला कितवे वर्ष?’ म्हणजे बाग सेंद्रिय करायला घेऊन किती वर्षे झाली, हे मात्र कुणी विचारत नाही. फळबागेला सेंद्रिय शिक्का मिळायला साधारण ३ वर्षे लागतात. रासायनिक खत थांबताच उत्पादन घसरते, शेणखत आणि आच्छादनाची मजुरी वाढते, भाव मात्र साध्या आंब्याचाच. छोटा शेतकरी नेमका इथे मोडतो. पीजीएस-इंडिया या, शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांच्या शेताची तपासणी करून हमी देण्याच्या सरकारी पद्धतीत या काळातल्या मालाला ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणतात. चार पैसे जास्त देऊन तो आवर्जून घ्यावा.

निवडून मोठी फळेच उचलली, तर लहान आणि डागाळलेली बागायतदाराच्या गळ्यात पडतात. शहरातल्या गृहनिर्माण सोसायट्यांनी मिळून तोडणीआधी दर ठरवावा, काही रक्कम आगाऊ द्यावी आणि अख्ख्या झाडाचा माल घ्यावा. देठ सुमारे १ सेंटिमीटर राखून तोडलेले फळ बघा. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळून काळा चट्टा पडतो. घरी पेंढ्यात एकेरी थर लावा. वरून पिवळाधमक पण बाठ्याजवळ आंबट-कडक आंबा बहुधा कार्बाइड या रसायनाने पिकवलेला. कार्बाइडने पिकवायला बंदी असूनही असा आंबा विकला जातो, याची चीड येते.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे