माशाच्या डोळ्यातले जनुक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या माशांवरचा लेख वाचला. असे विषय मराठी वर्तमानपत्रात क्वचितच येतात, म्हणून आधी आभार. पण ‘माशांत नवे जनुक तयार झाले आणि नवी प्रजाती जन्मली’ हे त्यातले वाक्य खटकले.

ते सरोवर साधारण १५ हजार वर्षांपूर्वी कोरडे पडले होते. पुन्हा भरल्यावर तिथे सिक्लिड कुळातल्या ५०० च्या आसपास प्रजाती झाल्या. (आपल्या उजनीतली चिलापी याच कुळातली, मूळची आफ्रिकेचीच.) एकेक नवे जनुक घडण्याची वाट पाहत बसले असते तर त्यांना एवढा वेळ पुरलाच नसता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचा उलगडा केला. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी काँगोकडच्या आणि वरच्या नाईलकडच्या सिक्लिडांचा संकर झाला होता, आणि दोन्हीकडचे जनुकांचे नमुने एकाच वंशात आले. रमीला बसताना दोन कॅट एकत्र पिसतात ना, तसे. पत्ते जुनेच, हात मात्र नवनवे लागत गेले.

त्यातला एक पत्ता डोळ्यातला आहे. ऑप्सिन नावाचे प्रथिन प्रकाश टिपते. व्हिक्टोरियाच्या पाण्यात खाली जावे तसा निळा प्रकाश आधी संपतो आणि तांबूस उरतो. खोलवर राहणाऱ्या माशांत या ऑप्सिनच्या जनुकाचा लाल प्रकाशाला जास्त संवेदनशील असलेला नमुना आढळतो, तर उथळ पाण्यातल्यांत दुसरा. हे दोन्ही नमुने त्या दोन जुन्या पूर्वजांकडून आलेले. टांझानियाच्या बाजूला माकोबे बेटापाशी पुंडामिलिया वंशाच्या दोन प्रजाती एकाच खडकाळ उतारावर राहतात. वरच्या थरातला नर निळसर, खालचा तांबडा. तांबड्याला तर टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचे नाव दिले आहे! मादी आपल्याला नीट दिसतो तो रंग पसंत करते. (आपल्याकडच्या ‘दाखवण्याच्या कार्यक्रमा’च्या नेमके उलटे.) मध्ये ना डोंगर ना धरण, तरी दोन बिऱ्हाडे वेगळी झाली. हे सगळे एकट्या ऑप्सिनचे काम नाही, हेही खरे.

मी तीस वर्षे वर्गात शिकवत आलो की दोन वेगळ्या प्रजातींच्या संकरातून प्रजननक्षम संतती होत नाही. या माशांची ती खुशाल होते. माझे विद्यार्थी हे पत्र वाचत असतील तर त्यांनी वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

लेखात नाईल पर्च या सोडलेल्या शिकारी माशाने केलेल्या संहाराचे वर्णन आहे, ते योग्यच आहे. शेवटी मासेमारीवर बंदीची मागणीही आहे. पण दुसऱ्या एका नाशाचा उल्लेख राहून गेला. किनाऱ्यावरची जंगलतोड, शेतातून वाहून येणारा गाळ, सांडपाणी यांमुळे पाणी गढूळ होत गेले. अशा पाण्यात मादीला निळा कोण नि तांबडा कोण हे ओळखू येत नाही आणि दोन प्रजाती मिसळून एक होतात. जीवशास्त्रज्ञ ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ सालीच दाखवून दिले. या प्रकारात एकही मासा मारावा लागत नाही. जाळी बंद केल्याने हा नाश कसा थांबणार?

जाता जाता एक तक्रार. लेखासोबत त्या दोन नरांची छायाचित्रे होती, पण आतल्या पानावर कृष्णधवल. दोन्ही मासे हुबेहूब सारखे दिसत होते. गढूळ पाण्यातल्या मादीची अडचण मला त्यावरूनच नीट कळली. पुढच्या वेळी कृपया रंगीत छापा.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, इंदापूर